थर्माकोलचे शास्त्रज्ञ

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात यंदाही खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी फुटेल, थर्माकोलची पवनचक्की फिरेल, पाहुणे फीत कापतील आणि दुकानातून आणलेल्या प्रतिकृतीला पहिला नंबर मिळेल. या तमाशाला संशोधन म्हणताना जीभ कशी झडत नाही?

यवतमाळ जिल्ह्यात प्रश्नांचा दुष्काळ पडला आहे काय? २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करता करता वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्याच साली गुलाबी बोंडअळीने उभे पीक पोखरले. ज्यांच्या घरात हे घडले, त्यांची लेकरे शाळेत फळ्यावरून कीटकाचे जीवनचक्र उतरवून घेत होती! केळापूर-झरी पट्ट्यात फ्लोराइडच्या पाण्याने दात किडक्या रंगाचे झालेला पोरगा फ्लोरिनचा अणुअंक घोकतो आणि पास होतो.

बोंडअळीचेच घ्या. मादीच्या गंधाने या अळीचे नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग अडकले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोहोंत जिवंत अळी निघाली, की धोक्याची पातळी ओलांडली. नववीतल्या पोरीला वीसपर्यंत मोजता येत नाही काय? सकाळी सापळ्याची पिशवी उघडायची, पतंग मोजायचे, तारीख आणि पाऊस लिहायचा, डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुले, वेचून वेगळ्या मोजायच्या. एका शाळेत चार गावची पोरे येतात. चार गावांची नोंद दिवाळीपर्यंत हाती लागेल. (ताज्या फवारणीच्या शेतात पोरांना धाडू नका, हेही काही शहाण्यांना सांगावे लागेल.)

योजना नाहीत, हे रडगाणे बंद करा. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून १० ते १७ वर्षांच्या मुलांकडे परिसरातल्याच प्रश्नावर प्रकल्प मागते आहे. इन्स्पायर-मानक निवडलेल्या कल्पनेला १० हजार रुपये देते, अटल टिंकरिंग लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान आहे. पण लॅबला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात, आणि प्रकल्प लिहितात पालक किंवा झेरॉक्सवाला!

शिक्षणाधिकारी साहेब, यंदा थर्माकोल दारातच अडवा. पोरांच्या हातची, खाडाखोडीची नोंदवही नसेल तर बक्षीस नाही, असा हुकूम काढा. आणि बोंब मारत येणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाला एकच विचारा: पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे, तुमच्या शाळेच्या हातपंपात किती निघते?