फलकावरची किंमत आणि दारातली किंमत



तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचे गाव. आष्टी आणि आर्वी दोन्ही जवळ. या रस्त्यावर फटफटीवर नवरा-बायको, मधे दोन लेकरे आणि पाठीमागून भरधाव ट्रक, हे दृश्य आपण रोज पाहतो. म्हणूनच सोयाबीन घरात आले, संत्र्याच्या बागेचा सौदा झाला, की "यंदा लहानशी मोटार घ्यावी काय?" हा विषय घरोघरी निघतो. विषय रास्त आहे. रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असो की म्हाताऱ्या माणसाला पावसातून आणायचे असो, मोटार ही आता निव्वळ चैन राहिलेली नाही. पण बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. मग चार लाखांची वस्तू नुसता जाहिरातीचा फलक पाहून का घ्यावी?

स्वस्त मोटारीची आपल्याकडची कथा थोडक्यात अशी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली, तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. तीस वर्षे चालून २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. २००९ साली टाटांची नॅनो आली. फटफटीवरच्या चार माणसांना छप्पर मिळावे हा तिचा हेतू, आणि मूळ किंमत लाखाच्या घरात. पण सर्वांत स्वस्त प्रकारात एसी नव्हता आणि मागचे झाकण उघडत नव्हते; सामान आतूनच ठेवावे लागे. लोकांना स्वस्त हवे होते, पण "सर्वांत स्वस्त" हा शिक्का नको होता. २०१८ नंतर तीही बंद पडली. यातून घ्यायचा धडा एवढाच, की कमी किंमत कशातून काढली आहे ते आधी विचारावे.

आता अलीकडचे पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला. त्या वेळी जाहीर झालेल्या सुरुवातीच्या किमती अशा होत्या: मारुती एस-प्रेसो ३ लाख ४९ हजार, अल्टो के-१० ३ लाख ६९ हजार, रेनॉ क्विड ४ लाख २९ हजार आणि टाटा टियागो ४ लाख ५७ हजार. या किमती बदलत राहतात, तेव्हा जाण्याआधी ताजा भाव विचारून घ्यावा. पण एक गोष्ट बदलत नाही: फलकावर लिहिलेली असते ती सर्वांत खालच्या प्रकाराची आणि दुकानातली किंमत. आपल्या अंगणात गाडी उभी राहते ती वेगळ्याच किमतीला.

हिशेब करून पाहा. दुकानातली किंमत चार लाख धरू. दहा लाखांच्या आतील पेट्रोल मोटारीला महाराष्ट्रात शेकडा ११ रुपये वाहनकर बसतो, म्हणजे ४४ हजार झाले. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम भरावा लागतो. हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २०२२ साली ठरलेला त्याचा दर ६,५२१ रुपये आहे, जीएसटी वेगळा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा, नोंदणी आणि नंबरपट्टी यांचा खर्च निराळा. सारे मिळून गाडी पावणेपाच लाखांच्या जवळ जाते. विमा दुकानदाराकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही, हे ध्यानात ठेवावे. "हाताळणी खर्च" म्हणून काही रक्कम लावली असेल, तर ती कशाची ते लेखी मागावे.

गाडी घेणे सोपे, पोसणे अवघड. तीन लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ६,३७४ रुपये पडतो. पाच वर्षांत व्याजच ८२ हजारांवर जाते. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणे, लिटरला अठरा किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर इंधनाला साडेतीन हजार लागतील. टायर, दुरुस्ती आणि पुढच्या विम्यापोटी महिना दीड हजार बाजूला टाकू. एकूण ११,३७४ रुपये महिना, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख ३६ हजार.

आता हे पैसे पिकात मोजू. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. त्या भावाने साडेपंचवीस क्विंटलांहून अधिक सोयाबीन दर वर्षी एकट्या गाडीला लागेल. एकरी सहा क्विंटल उतारा धरला, तर सव्वाचार एकरांचे अख्खे पीक झाले. त्यात बियाणे, खत आणि मजुरी वजा केलेली नाही. आणि हमीभाव प्रत्येकाच्या पदरात पडतोच असेही नाही.

खरी अडचण पुढेच आहे. हप्ता दर महिन्याला येतो, पीक वर्षातून एक-दोनदा येते. काही कर्जसंस्था शेतकऱ्याला सहामाही हप्ता बांधून देतात. तसा मिळतो का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. पीककर्जाचे पैसे मात्र गाडीत घालू नयेत. वेळेवर फेड झाली नाही, तर व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या पेरणीला हात रिकामे राहतात. पूर्ण कर्ज फिटल्यावर बँकेचा ना-हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन नोंदणी पुस्तकावरचा बोजा उतरवून घ्यावा. हे काम पुष्कळांकडून राहून जाते.

गाडीत काय पाहावे? सर्वांत आधी जीव. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लहान गाड्यांचे साधे प्रकार आदळून पाहिले. त्यांत अल्टो ८०० होती, नॅनोही होती. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतर कायदा कडक झाला. १ जुलै २०१९ पासून चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्यासाठीही झाली. २०२० साली टियागोला चार तारे मिळाले, त्याच वर्षी एस-प्रेसोला शून्य. २०२५ साली अल्टो के-१० मध्ये सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आल्या. पण एअरबॅग कितीही असल्या, तरी गाडीचा सांगाडा मजबूत हवा, आणि ते ताऱ्यांवरून कळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली चाचणीही सुरू झाली आहे. दुकानात पहिला प्रश्न हाच करावा, "हिला तारे किती, आणि कोणत्या साली मिळाले?"

दुसरे, जमिनीपासूनची उंची. पांदण रस्त्यावर पावसाळ्यात काळ्या मातीचे चाकोरे पडतात. बुडखा टेकणारी गाडी तेथे रुतते. क्विडची उंची १८४ मिलिमीटर सांगतात. तिसरे, एसी. वैदर्भी उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना आणि लेकरांना त्याची गरज आहे, तेव्हा आपण घेतो त्या प्रकारात तो आहे ना, हे पाहून घ्यावे. चौथे, दुरुस्तीचे ठिकाण जवळ असावे. मोठा पडदा, चकचकीत चाके आणि सीटची कव्हरे यांचे पैसे वाचले, तर तेच वरच्या प्रकाराकडे वळवावेत.

वर्षअखेरीला सूट भरपूर असते. तेव्हा गाडी कोणत्या महिन्यात बनली ते पाहावे, कारण विकताना बनल्याचे सालच मोजले जाते.

दुकानात जाण्याआधी एका संध्याकाळी घरधनीण आणि मुलगा-सून यांना बसवून हा हिशेब आपल्या वावराच्या आकड्यांनी मांडावा. हप्ता, इंधन आणि दुरुस्ती वजा करून पुढच्या पेरणीचे पैसे उरत असतील, तर गाडी अवश्य घ्यावी. उरत नसतील, तर आणखी एक हंगाम थांबावे, आणि तोवर फटफटीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट घालावे.