खांदा द्यायचा की नाही?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. लिखाण रागातले आहे, तेव्हा नातलगांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या मंडळीतल्या एका तरुणाचे वडील वारले. मुलाचा बाप्तिस्मा तीन वर्षांपूर्वीचा, बाकी घर हिंदू. उपासना सुटल्यावर आवारात त्याने पाळकसाहेबांना विचारले, "मी खांदा दिला तर चालेल ना?" साहेबांनी लूकचा चौदावा अध्याय काढला. आईबापांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही, सबब जाऊ नये. पोराचा चेहरा पाहवत नव्हता. मी दोन पावलांवर उभी होते आणि गप्प राहिले.

तेव्हा बोलायचे राहिले ते आता बोलते. जन्मभर भाषा शिकवली, म्हणून आधी भाषेचे. हीच शिकवण मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आहे. तिथे द्वेष नाही. प्रभूपेक्षा आईबाप अधिक प्रिय नकोत, एवढेच आहे. इब्री वळणात दोघांतल्या एकाला कमी लेखणे म्हणजेही द्वेष. उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायात मूळ इब्रीत लेआबद्दल हाच शब्द आहे, आणि त्या ‘द्वेषातून’ तिला याकोबापासून सहा मुलगे झाले!

आणि मार्कच्या सातव्या अध्यायाचे काय? देवाला कुर्बान केले असे सांगून म्हाताऱ्या आईबापांना हात देणे टाळणाऱ्यांवर प्रभू तिथे कडाडला आहे. देवाचे नाव पुढे करून घरच्यांना वाऱ्यावर सोडायची सोय त्याने ठेवलेली नाही. वधस्तंभावरूनही त्याने आईची व्यवस्था लावली.

पण मला खरा आठवतो तो नामान (२ राजे, अध्याय ५). अरामाचा सेनापती, यार्देनेत सात बुड्या मारून कोड गेलेला. आता इस्राएलाच्या देवाखेरीज कोणाला भजणार नाही म्हणतो, वेदीसाठी दोन खेचरांवर लादून माती मागतो. मग चाचरत विचारतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची क्षमा होईल ना? अलीशा काय करतो? नोकरी सोड म्हणत नाही, वचनही फेकत नाही. त्याला शांतीने निरोप देतो. असे पाळक आज किती?

आपल्याकडचेच उदाहरण हवे तर ‘स्मृतिचित्रे’ काढा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हाही सोवळे पाळत होत्या, आणि टिळकांनी ते पाळू दिले. एवढा मोठा ख्रिस्ती कवी त्याने बाटला नाही!

याचा अर्थ काहीही चालते असा नव्हे. ज्याचे मन जिथे कचरते तिथे त्याने थांबावे. पण ते घरच्यांना तोंडावर सांगावे, आणि उरलेले सगळे मनापासून करावे. त्या पोराने तेच केले. चुलत्यांना म्हणाला, "काका, पिंडदान धाकटा करील, माझ्याच्याने व्हायचे नाही. पण खांदा माझा, लाकडेही मीच आणतो." चुलते रागावले, मग त्यांनीच त्याला पुढे घेतले.

पुढच्या रविवारी तो उपासनेला आला तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. मी जाऊन बसले. पाळकसाहेबांनी विषय काढला नाही. ते हा ब्लॉग वाचतात असे ऐकून आहे.