सायकलीला कुलूप कोणते घ्याल?



तुम्ही म्हणाल, खते-बियाणे सोडून साहेब आज कुलपावर कुठे घसरले! पण पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या मुलीची सायकल बाजाराच्या दिवशी चोरीला गेली, तर ती दोन-चार दिवस चालत जाते आणि मग घरात बोलणे निघते, की राहू दे आता शाळा. दुधाच्या किटल्या सायकलीवर नेणाऱ्याचेही तसेच आहे. म्हणून कुलपाचा विचार बियाण्याइतकाच चोखंदळपणे करावा.

मागच्या चाकावरचे गोल कुलूप बहुतेक सायकलींना दुकानातच बसवून मिळते. वाण्याकडे पाच मिनिटे जायचे असेल तर ते उत्तम. बाळगायचा त्रास नाही आणि चावी फिरवली की काम झाले. पण ते फक्त चाक अडवते. साधी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. एक माणूस ती उचलून सहज टेम्पोत टाकतो आणि कुलूप पुढे निवांत फोडतो. म्हणून सायकल जागेशी बांधणारे दुसरे काहीतरी हवेच.

इथे पुष्कळजण गुरांची साखळी वापरतात. ती बैलाला ठीक, चोराला नाही. तिचे लोखंड मऊ असते, आणि कड्या नुसत्या वळवलेल्या असतील तर पहारीच्या एका पिळ्याने उघडतात. विळ्याला लोहार पाणी देतो ना, तसे पाणी दिलेल्या पोलादाची साखळी घ्यावी. ओळखायची खूण सोपी आहे. कडीच्या कडेला कानस फिरवून पाहा. मऊ लोखंडात ती चावते, कडक पोलादावर घसरते. दुकानदाराने कानस लावू दिली नाही, तर वेष्टनावर कडक केलेले पोलाद असे लिहिले आहे का ते वाचा, आणि आठवड्याने घरी कानस फिरवाच.

आता वजनाचा प्रश्न. आठ मिलीमीटर जाडीची साखळी मीटरला जवळजवळ दीड किलो भरते, सहा मिलीमीटरची पाऊण किलोच्या थोडी वर. मीटरभर लांबी लागतेच कशाला? सांगाडा, मागचे चाक आणि गज यांना वेढा बसला की पुरे. त्याला साठ-सत्तर सेंटीमीटर होतात. शाळकरी मुलीला सहा मिलीमीटरचा एवढा तुकडा द्यावा, अर्ध्या किलोचा भार तिला जड नाही. दूधवाल्याने आठचीच घ्यावी. किटल्यांपुढे तिचे वजन ते काय! मात्र साखळी भक्कम आणि तिला पेटीचे पातळ कुलूप, असे करू नका. कुलपाची कडी साखळीइतकीच जाड आणि आखूड असावी, म्हणजे आत पहार शिरायला जागा राहत नाही.

प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली रंगीत तार हलकी असते, खिशातही मावते. पण बोटाएवढी जाडी दिसते ती वेष्टनाची, आतली तार बारीक असते आणि तार कापायच्या पकडीपुढे टिकत नाही. तीन आकड्यांच्या कुलपात हजारच जुळण्या असतात, आणि स्वस्त मालात तर चकत्या चाचपूनही आकडा सापडतो. इंग्रजी यू अक्षरासारखे कुलूप खरोखर मजबूत असते, पण ते बारीक गजालाच बसते. आपल्याकडे बांधायला कडुनिंबाचा बुंधा! विजेच्या खांबाला मात्र सायकल कधीच बांधू नका. पावसाळ्यात खांबात प्रवाह उतरलेला असू शकतो.

बांधताना वेढा सांगाड्यातून आणि मागच्या रिममधून घ्यावा. नुसते पुढचे चाक बांधले तर दोन नट सोडून चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल जाते. कॅरिअरला बांधणेही तसेच फसवे. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका, खाली दगड मिळाला की वरून घाव घालणे सोपे होते. किल्लीचे भोक खाली राहील असे लावा, म्हणजे पाणी आत जात नाही.

साखळी हँडलला लटकवून सायकल चालवू नये. झोके घेत ती आऱ्यांत गुंतली की माणूस तोंडावर पडतो. सीटखालच्या दांड्याला वेढे द्यावेत आणि साखळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा. रंगही खरचटत नाही, खडखडही होत नाही. कुलूप अडकू लागले तर खोबरेल तेल ओतू नका, त्यात धूळ बसून चिखल होतो. पेन्सिलच्या शिशाची पूड किल्लीला लावून दोन-चार वेळा फिरवा. दोन्ही किल्ल्या एकाच कडीत ठेवणारी घरे मी पुष्कळ पाहतो. एक कोनाड्यात ठेवा.

सायकलीचा नंबर सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या आसाखाली ठोकलेला असतो. तो आजच वहीत उतरवा आणि पावती सातबाऱ्याच्या कागदांत ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. सायकल त्याहून महाग होती हे दाखवायला पावती लागते, आणि सापडलेली सायकल तुमचीच हे सांगायला नंबर.