घरी विचारून सांगतो

मंडळी, 'अभिनंदन!' हा शब्द पूर्वी दहावीच्या निकालाला, बारशाला, नोकरी लागल्यावर ऐकू यायचा. हल्ली तो अनोळखी नंबरवरून ऐकू येतो. "अभिनंदन सर, लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव निघालंय! गोवा, तीन रात्री चार दिवस, एकदम फ्री. फक्त रविवारी संध्याकाळी मॅडमना घेऊन हॉटेलवर या आणि तुमचं गिफ्ट घेऊन जा."

आपण कूपन कधी भरलं होतं ते आठवत नाही. मग डोक्यात प्रकाश पडतो. पेट्रोल पंपावर नाही का, हवा भरायला थांबलो होतो तेव्हा एक मुलगा आला होता... किंवा मॉलच्या दारात ती काचेची पेटी होती. त्या कूपनवर नाव आणि मोबाईल नंबर तर होताच, पण वय, व्यवसाय, लग्न झालंय का, चारचाकी आहे का, क्रेडिट कार्ड आहे का, हेही होतं. आता सांगा, सोडतीत चिठ्ठी काढायला माझ्या लग्नाची चौकशी कशाला हवी? तिथेच कळायला हवं की ही सोडत नाही, गिऱ्हाईक निवडण्याची चाळणी आहे.

या सगळ्या प्रकाराबद्दल बोलताना लोक एकच वाक्य फेकतात, "लोभ नडला." मला हे पटत नाही. माझ्या मते इथे लोभ नडत नाही, भीड नडते. आणि 'मॅडमना घेऊन या' ही अट त्याचा पुरावा आहे.

विचार करा, जोडप्यानेच यायचं असा आग्रह का? आपल्या मध्यमवर्गीय घरांकडे विक्रेत्यापासून बचावाचं एकच हत्यार पिढ्यानपिढ्या आहे, ते म्हणजे "घरी विचारून सांगतो." दारावर आलेल्या विमा एजंटापासून ते प्लॉट विकणाऱ्या मित्रापर्यंत सगळ्यांना आपण याच वाक्याने परतवलं. नवरा एकटा आला तर बायकोचं नाव सांगून सुटेल, बायको एकटी आली तर नवऱ्याचं. म्हणून दोघांनाही एकाच टेबलाशी बसवायचं. घरच टेबलाशी आलं, आता विचारणार कुणाला?

पुढचं सगळं ठरलेलं असतं. जालना रोडवरच्या एखाद्या हॉटेलचा एसी हॉल, मोठ्या आवाजात गाणी, प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि एक गोड बोलणारा तरुण. चहा येतो, समोसे येतात. मुलांची चौकशी होते. "काका, शेवटचे फिरायला कधी गेला होतात?" मग पडद्यावर समुद्र आणि बर्फ. मध्येच कुठल्यातरी टेबलावर टाळ्या वाजतात, 'जोशी फॅमिली'ने मेंबरशिप घेतली म्हणून. दीड-दोन तासांनी आकडा निघतो. अडीच लाख. आपण हसून उठायला लागतो, तर 'मॅनेजर साहेब' येतात आणि तो दीड लाखावर येतो. पण फक्त आज, आत्ता, या टेबलावर. उद्या ही किंमत नाही.

आमच्या नात्यातलं एक निवृत्त जोडपं असंच बसलं होतं. काकांना नको होतं, काकूंनाही नको होतं, पण काकांना वाटलं हिला हवंय आणि काकूंना वाटलं यांना हवंय. वर त्या पोराने इतकं अगत्य केलेलं, त्याचं खाल्लेलं, आता नाही कसं म्हणायचं? कार्ड मशीनमधून गेलं. यात लोभ कुठे दिसतो? मला तरी दिसला नाही. चहाचा मिंधेपणा मात्र नक्की दिसला.

आता गणित मांडू. दीड लाख बँकेत ठेवले आणि व्याज सहा टक्केच धरलं, तरी वर्षाला नऊ हजार रुपये येतात. तेवढ्यात दीड हजार रुपये भाड्याच्या खोलीत सहा रात्री राहता येतं, हव्या त्या गावी, हव्या त्या महिन्यात, आणि मुद्दल शाबूत. मेंबरशिपमध्ये मुद्दल गेलं, वर दरवर्षी देखभालीचा खर्च, आणि मे महिना किंवा दिवाळी मागितली की 'अव्हेलेबल नाही'. गोव्याच्या फुकट व्हाउचरचंही तेच. त्यात फक्त खोली असते. प्रवास आपला, जेवण आपलं, शनिवार-रविवार चालणार नाही, दीड-दोन महिने आधी कळवा, आणि बुकिंगसाठी 'प्रोसेसिंग'चे काही हजार आधी भरा. सगळेच टाइमशेअरवाले लबाड असतात असं माझं म्हणणं नाही. काहींची रिसॉर्ट खरी आहेत आणि लोक तिथे जाऊन आनंदाने राहतातही. पण चांगली वस्तू उद्याही चांगलीच असते ना? जी फक्त आज संध्याकाळी आठपर्यंतच चांगली आहे, ती वस्तू नव्हे, सापळा आहे.

भिडेचा मुद्दा किती मोठा आहे हे पाहायचं असेल तर पॅनकार्ड क्लब्ज आठवा. तिथे लकी ड्रॉ नव्हता. मुंबईची ही कंपनी हॉटेलातल्या खोल्यांच्या 'रात्री' विकायची. वापरल्या तर सुट्टी, नाही वापरल्या तर मुदतीनंतर पैसे वाढवून परत. सुट्टीच्या वेष्टनात बांधलेली ठेवच ती. हे विकायला हॉल लागत नव्हता, एजंट पुरत होते. आणि एजंट म्हणजे कोण? ओळखीतला, शेजारचा, कधी मेव्हणाच. त्याला नाही कसं म्हणणार! सेबीने 2014 मध्ये नवे पैसे घ्यायला मनाई केली आणि 29 फेब्रुवारी 2016 च्या आदेशात ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचं सांगून पैसे परत करायला फर्मावलं. रक्कम होती सुमारे 7,035 कोटी रुपये आणि गुंतवणूकदार 50 लाखांहून जास्त. त्यात मराठी घरं किती होती हे वेगळं सांगायला नको. आदेश निघाला तरी पैसे हातात पडले नाहीत, लोक पुढे कित्येक वर्षं खेटे घालत राहिले. 50 लाख माणसं लोभी होती म्हणायचं? मला नाही वाटत. त्यातल्या कितीतरी जणांनी फक्त ओळखीच्या माणसाचं मन मोडलं नाही, एवढंच.

असो. ज्यांची सही होऊन गेली आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. "पैसे परत मिळणार नाहीत" असं छापलेलं असलं म्हणून वाट बंद होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बक्षीस देण्याचा इरादा नसताना ते जाहीर करणं, किंवा किंमत वसूल करत असताना वस्तू फुकट असल्याचा भास निर्माण करणं, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. सुरुवातीला 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आणि फोनवरच ओटीपी किंवा 'बक्षिसाचा टॅक्स' मागून पैसे काढले असतील, तर तो सरळ सायबर गुन्हा, त्यासाठी 1930. तिथे एक तासही दवडू नका.

पण खरी अडचण कायद्याची नाहीच. ही माणसं कुणाला सांगत नाहीत. आमच्या काका-काकूंनी मुलालाही वर्षभर सांगितलं नव्हतं. कारण सांगितलं की ऐकावं लागतं, "एवढे शिकलेले तुम्ही, आणि..." आपण 'लोभ नडला' म्हणून टाळी देतो ना, त्या टाळीमुळे फसलेला माणूस गप्प बसतो, दोन वर्षांची मुदत निघून जाते आणि पुढच्या रविवारी त्याच हॉलमध्ये दुसरं जोडपं बसतं. म्हणून कुणी असं काही सांगायला आलं तर आधी हसू नका. कागद कुठे आहेत आणि सही कोणत्या तारखेची आहे, एवढं विचारा.

आणि ज्यांना फोन अजून यायचा आहे त्यांनी ते जुनं वाक्य नव्याने पाठ करावं. जोडीने बोलावलंय? मग जोडीने म्हणा, "मुलीला विचारून सांगतो." मुलगी नसेल तर पुतण्याला, तोही नसेल तर शेजारच्या सीए साहेबांना. कुणाला विचारता याला महत्त्व नाही, त्या खुर्चीवरून उठून घरी येण्याला आहे. चहा प्यायलात म्हणून काही देणं लागत नाही. एका चहाचे दीड लाख होत नाहीत हो!