जवानाच्या मनाचे दुखणे आणि पेन्शनचा कागद

कोल्हापूर जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पती सैन्यात नऊ वर्षे होते. त्यांतली शेवटची काही वर्षे काश्मीर खोऱ्यात गेली. तेथून रजेवर आले की रात्र रात्र झोप नाही, दारावर थाप पडली तरी दचकणे, मागून मूल जवळ आले तरी अंगावर धावून जाणे. पुढे सैनिकी इस्पितळात ठेवले आणि मेडिकल बोर्डाने घरी पाठवले. हातात थोडी ग्रॅच्युइटी पडली. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज मात्र नामंजूर झाला. कारण एका ओळीचे : ‘हा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही व सेवेमुळे वाढलेलाही नाही.’ सासरचे म्हणतात, गप्प बस, चार लोकांत कळले तर नणंदेचे लग्न कसे जमणार? बाई विचारतात, ‘भरतीच्या वेळी ते धडधाकट होते म्हणूनच घेतले ना? मग हे दुखणे आले कोठून?’

या भगिनींनी नकळत नेमका कायद्याचाच प्रश्न विचारला आहे.

अपंगत्वाच्या पेन्शनसाठी दोन गोष्टी लागतात. अपंगत्व किमान २० टक्के हवे आणि ते सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले हवे. गाडे अडते ते दुसऱ्या अटीवर. गोळी लागून पाय गेला तर कोणी वाद घालत नाही. मन मोडले तर पुरावा कोठला आणायचा? पण १९८२ चे नियम सांगतात की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरून चालायचे. प्रकृती नंतर बिघडली तर ती सेवेमुळेच बिघडली असे सामान्यतः मानायचे. आपला हक्क सिद्ध करण्याचे ओझे जवानावर नाही आणि संशयाचा फायदा त्यालाच द्यायचा. २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच नियम उलगडून सांगितले. तो खटला आकडीच्या आजाराचा होता, पण मनाच्या आजारांच्या दाव्यांतही त्याचा आधार घेतला जातो. भरतीच्या वेळी आजार ओळखता येण्याजोगा नव्हता असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात.

सैन्य मनाला कमी लेखते असेही नाही. जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या शब्दाने ठरते. त्या शब्दातले पहिले इंग्रजी अक्षर मनासाठी आहे. कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे त्याच्या मागून येतात. लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेतही मनाच्या आजारांचा विचार करताना लढाईचा व दहशतवादविरोधी कारवाईचा मुलूख, अतिउंच प्रदेश आणि एकाकी ठाणी लक्षात घ्यायला सांगितले आहे. म्हणजे जवान कोठे आणि किती काळ होता, हा प्रश्न फार मोलाचा आहे.

तरीही बोर्डाच्या कागदावर ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसीज’ असा शेरा येतो. (याचा राज्यघटनेशी काही संबंध नाही, प्रकृतीतच असलेला दोष, असा त्याचा अर्थ.) डॉक्टरांची बाजू अगदीच खोटी नाही. काही मानसिक आजारांत आनुवंशिकतेचा भाग असतो आणि भरतीच्या तपासणीत ते दिसत नाहीत. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच बाजू मान्य करून जवानाला पेन्शन नाकारली. उलट २०१३ साली तशाच आजाराच्या जवानाला न्यायालयाने नव्या बोर्डापुढे पाठवले होते, कारण पहिल्या बोर्डाने काम वरवरचे केले होते. पुढे मे २०२५ मध्ये याच आजाराच्या आणखी एका दाव्यात न्यायालयाने जवानाच्या बाजूने कौल दिला. बोर्डाने नुसते मत दिले होते, त्यामागची कारणे दिली नव्हती.

तेव्हा निकाल हमखास आपल्या बाजूनेच लागेल, असे कोणी वकील सांगू लागला तर सावध राहा. पण कारण न देता लिहिलेली एक ओळ म्हणजे शेवटचा शब्द, असेही समजू नका. माझ्या मते तर, ज्या माणसाला आपण तपासून, पारखून बंदूक दिली, त्याचे मन मुळातच अधू होते असे नऊ वर्षांनी म्हणणाऱ्याने ते निदान समजावून तरी सांगितले पाहिजे.

कोल्हापूरच्या भगिनींनी आधी मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीची प्रत मागवावी. पतीच्या नावाने त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा. उत्तर न आल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली मागावी. सोबत भरतीच्या वेळची तपासणी, बदल्यांची यादी, इस्पितळातल्या नोंदी आणि कमांडिंग ऑफिसरचा अहवाल हेही मागावे. पहिली नोंद कोणत्या तारखेची आणि त्या वेळी ते कोठे तैनात होते, हे दोन कागद शेजारी ठेवून पाहावे. घरचे पुरावेही कामाला येतात. रजेत गावच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी, पतीची पत्रे, स्वतःचे प्रतिज्ञापत्र. लग्नापूर्वी व नंतर माणूस कसा होता हे पत्नीइतके कोणाला ठाऊक असणार? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जासाठी मदत मिळते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. इस्पितळात नातेवाइकांना विचारले जाते, ‘घराण्यात कोणाला वेड होते का?’ घाबरलेला भाऊ सांगून टाकतो, ‘चुलता जरा विक्षिप्तच होता.’ तेवढे वाक्य कागदावर चढते आणि पुढे दाव्याच्या आड येते. खोटे कधी सांगू नका. पण ज्याला डॉक्टरने कधी तपासले नाही त्या चुलत्याचे निदान आपण करू नये!

याहून मोठे नुकसान शरमेने होते. श्रेणी खाली जाईल म्हणून जवान आजार लपवतो. बराकीत ‘सायको’ म्हणतील म्हणून घरचे सांगतात, स्वखुशीने नाव काढून घे. कोणी झोपेसाठी दारू जवळ करतो, हुज्जत घालतो, आणि सेवापुस्तकात लाल शाईच्या नोंदी जमू लागतात. मग तो बाहेर पडतो ते बेशिस्त शिपाई म्हणून, आजारी शिपाई म्हणून नव्हे. आजाराची नोंदच नसेल तर पुढे दावा उभा कशावर करायचा? म्हणून राजीनाम्यावर सही करण्याआधी मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याचा आग्रह धरा. औषध घेतल्याने दावा कमजोर होत नाही, उलट नोंदी तयार होतात. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

टक्केवारीबद्दल थोडेसे. बोर्डाने २० टक्क्यांहून कमी अपंगत्व लिहून जवानाला घरी पाठवले असेल, तरी आजारापायी काढले म्हणजे ते २० टक्क्यांच्या वरच धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. शिवाय पेन्शन ठरवताना ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० टक्के धरण्याची तरतूद आहे; म्हणजे ३० टक्केवाल्यालाही ५० टक्क्यांचा हिशेब मिळू शकतो. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी वरचे सगळे आपल्याला जसेच्या तसे लागू आहे असे गृहीत धरू नये.

अर्ज नामंजूर झाला तर आधी खात्याकडे पहिले व दुसरे अपील करावे. त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचे मुख्य पीठ दिल्लीला, आणि एक पीठ मुंबईलाही आहे. अंतिम नकारानंतर सहा महिन्यांत तेथे जायचे असते. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा अर्ज सोबत जोडता येतो. पेन्शन दर महिन्याची गोष्ट असल्याने जुन्या प्रकरणांची दारे सहसा कायमची बंद होत नाहीत. मात्र उशिरा गेलेल्याला थकबाकी बहुधा दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. त्यामागचे पैसे बुडतात.