जाहीरनाम्यात आपले काम कुठे आहे?



१ डिसेंबर २०२२ रोजी सुरतेतल्या लिंबायतमध्ये विधानसभेचे मतदान झाले तेव्हा ४४ उमेदवार रिंगणात होते. गुजरातच्या दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघात एवढी गर्दी नव्हती. तिन्ही प्रमुख पक्षांचे उमेदवार मराठी होते. संगीता पाटील २०१२ पासून इथे निवडून येतात, आणि आपला भाग ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात मोडतो तिथले खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. म्हणजे खान्देशी मताला इथे मोल आहे, हे सगळे पक्ष जाणतात. तिकीट देताना ते आपली भाषा पाहतात, आपले गाव पाहतात. आपण पोटासाठी काय करतो, ते मात्र जाहीरनाम्यात शोधावे लागते.

२०२४ मध्ये काँग्रेसने स्थलांतरित कामगारांसाठी कायद्याचे आश्वासन दिले. भाजपने ई-श्रम नोंदणी वाढवून योजना त्यांच्यापर्यंत पोहोचवू म्हटले. दोन्ही गोष्टी हव्यातच. पण कायदा लिंबायतच्या गल्लीत कुठे अडतो, ते आधी पाहायला हवे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदाराने आणलेल्या माणसासाठी होता. आपल्याला कोणत्या ठेकेदाराने आणले? मामाने आणले, मेहुण्याने आणले. जळगाव-उधना गाडीतून उतरलो आणि त्यांच्याच खोलीत राहिलो. त्यामुळे तो कायदा आपल्याला कधी लागलाच नाही. २०२० च्या श्रमसंहितेने स्वतःहून आलेल्यालाही स्थलांतरित मानले, ही मोठी सुधारणा. तरी अट आहेच: आस्थापनेत असे दहा कामगार हवेत, आणि पगार अठरा हजारांच्या आत हवा. लहान मागखात्यात बारा तास उभा राहणारा कारागीर, किंवा घरी बसून साडीला लेस नि स्टोन लावणारी आपली बहीण, जिला नगामागे पैसे मिळतात, ती या अटीत कशी बसणार? तिच्या दराबद्दल एकाही पक्षाने एक ओळ लिहावी, एवढी तरी आमची अपेक्षा आहे.

आता जरा अवघड बोलतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात स्थानिक तरुणांना ८० टक्के नोकऱ्या देणाऱ्या कायद्याचे वचन होते. गावाकडच्या आपल्या भाच्या-पुतण्यांना ते पटले असेल, आपल्यापैकीही अनेकांना पटले. पण गुजरात सरकारचा १९९५ चा ठराव ८५ टक्के जागा स्थानिकांना द्यायला सांगतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर गुजरातेतून हिंदी भाषकांना जीव मुठीत धरून पळावे लागले, तेव्हा सुरतेतल्या परप्रांतीयांच्याही पोटात गोळा आला होता. मुंबईत भूमिपुत्राच्या घोषणेला टाळ्या वाजवायच्या आणि सुरतेत त्याच घोषणेची भीती बाळगायची, हे आपल्याला शोभत नाही. बिहारी, उडिया कारागीर आपल्याच शेजारच्या मागावर उभा असतो. त्याच्या हक्काविरुद्ध बोलणारा पक्ष आपलाही नाही.

मतदानाचाही प्रश्न आहे. २०२४ मध्ये नवसारीत ७ मेला मतदान झाले, जळगाव-नंदुरबारला १३ मेला, धुळ्याला २० मेला. नाव गावच्या यादीत असलेल्याने दिवस बुडवून, भाडे खर्चून जायचे. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्र पक्षांपुढे ठेवले होते. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेण्याची त्यात सोय होती. अनेक विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले, त्यांतले काही रास्तही होते. पण त्याऐवजी काय करावे, हे कोणीच पुढे येऊन मांडले नाही.

गुजरात विधानसभेची पुढची निवडणूक २०२७ च्या अखेरीस अपेक्षित आहे. आपले मंडळ एक प्रश्नावली तयार करत आहे: नगाचा दर, मागखात्यातले कामाचे तास, अपघाताची भरपाई, पालिकेच्या मराठी शाळा. ती इथल्या सर्व उमेदवारांना जाईल, तसेच जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आमदारांनाही, कारण घर सोडण्याची वेळ तिथेच येते. लेखी उत्तरे येतील तशी याच वार्तापत्रात छापू. ज्यांचे उत्तर येणार नाही, त्यांच्या नावापुढची जागा कोरी ठेवू. आपले प्रश्न पुढच्या बैठकीआधी मंडळाच्या कार्यालयात लिहून द्यावेत. घरी नगावर काम करणाऱ्या भगिनींनी नगाचा सध्याचा दर जरूर कळवावा.

— संपादक