विश्वारंभीचा हात : सामायिक चित्रकथाविश्वातील लेखकभेद

डीसी या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांचे विश्व १९३८ साली सुपरमॅनपासून आकाराला येऊ लागले. तेव्हापासून असंख्य लेखक-चित्रकारांनी त्यात भर घातली. त्यांपैकी कोणीही ते आरंभापासून योजले नव्हते आणि त्याची मालकी प्रकाशनसंस्थेकडेच राहिली. अशा विश्वाच्या उत्पत्तिकथा परस्परविसंगत असणे स्वाभाविक होय. तथापि या विसंगतीकडे दोष म्हणून पाहण्याची आणि तो दूर करण्यासाठी विश्वाचीच पुनर्रचना करण्याची प्रथा तेथे रूढ झाली आहे. ही दोषदृष्टी कितपत समर्थनीय आहे, हे एकाच प्रतिमेचा प्रवास पाहिला तरी लक्षात येते. ती प्रतिमा हाताची आहे.

१९६५ साली ‘ग्रीन लँटर्न’च्या ४०व्या अंकात जॉन ब्रूम यांनी क्रोना या शास्त्रज्ञाची कथा लिहिली. निषेध डावलून क्रोना विश्वाचा आरंभ यंत्रातून पाहू लागतो. तारकापुंज धारण केलेला एक प्रचंड हात त्याला दिसतो, त्याच क्षणी यंत्राचा स्फोट होतो आणि विश्वात दुष्टता पसरते. विज्ञानकथेच्या वेषातील ही निषिद्ध ज्ञानाची जुनीच कथा आहे. मात्र हात कोणाचा, हे ब्रूम सांगत नाहीत. या मौनाचे श्रेय गिल केन यांच्या रेखाटनालाही दिले पाहिजे. चित्रकथेत विश्वरचनेचा सिद्धान्त पुष्कळदा आधी चित्रात उमटतो आणि शब्द त्याच्या मागून येतात. लेखकांपुरताच विचार करणाऱ्या समीक्षेला याचा विसर पडतो.

जॅक कर्बी यांच्याकडे लेखन आणि चित्रण ही दोन्ही कामे होती. १९७० साली मार्व्हल सोडून ते डीसीकडे आले आणि १९७१मध्ये त्यांनी ‘न्यू गॉड्स’ सुरू केले. जुने देव नष्ट होतात, त्यांचे जग दुभंगते आणि त्यातून न्यू जेनेसिस व अपोकलिप्स ही दोन जगे उद्भवतात, अशी तिची पार्श्वकथा. येथे परतत्त्वाचे नाव ‘सोर्स’ आहे. त्याचे आदेश अग्निमय हात भिंतीवर लिहितो. जुन्या करारात बेलशस्सर राजाच्या भिंतीवर लिहिणाऱ्या हाताचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. ज्यू कुटुंबात वाढलेल्या कर्बींना ती कथा परकी नव्हती. ब्रूम यांचा हात विश्व धारण करतो, कर्बींचा हात लिहितो. विश्व ही लिहिली जाणारी संहिता आहे, ही कल्पना येथे प्रवेश करते. ही मालिका ११ अंकांनंतर १९७२ साली बंद पडली. तिचा खलनायक डार्कसाइड मात्र पुढे या विश्वातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या लेखकाच्या हाती गेला.

दरम्यान गार्डनर फॉक्स यांच्या १९६१ सालच्या ‘फ्लॅश’मधील कथेपासून एकाऐवजी अनेक पृथ्वी मानण्याची सोय झाली होती. १९८५–८६ मध्ये मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांच्या बारा अंकी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ने हा पसारा आवरला. वुल्फमन यांनी ब्रूम यांचाच क्रोना हाती घेतला आणि त्याच्या अपराधातून विश्वाचे अनेकत्व निर्माण झाले, असे ठरविले. अनेकत्व हेच पापाचे फळ ठरल्यावर एकीकरण हा उद्धार ठरणे ओघानेच आले. संपादकीय सोय आणि विश्वोत्पत्तीचा सिद्धान्त यांचा इतका उघड संकर क्वचित आढळेल. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने (१९१९–१९६६) वगळलेला पाठ तळटिपांत आणि परिशिष्टांत जपला. येथे मात्र वगळलेली जगे उरलेल्या जगाच्या स्मृतीतूनही पुसली गेली. पेरेझ यांच्या चित्रांचे वैभव मान्य करूनही या कृतीला विश्वदृष्टी म्हणणे कठीण आहे. शिवाय ‘झीरो अवर’ (१९९४) आणि ‘इन्फिनिट क्रायसिस’ (२००५–०६) या नव्या दुरुस्त्या तिच्या पाठोपाठ कराव्याच लागल्या.

याच महासंहाराच्या सावटाखाली ॲलन मूर यांनी १९८६ साली ‘स्वॅम्प थिंग’च्या ५०व्या अंकात आपली विश्वकल्पना मांडली. आदिम अंधकार उठतो आणि सामोऱ्या येणाऱ्या एकेकाला दुष्टाचे प्रयोजन विचारतो. सामर्थ्यवान परास्त होतात. वनस्पतिदेही नायक कुजण्यातून रुजण्याकडे निर्देश करणारे उत्तर देतो. अखेर अंधारातला एक आणि प्रकाशातला एक असे दोन हात एकमेकांत गुंफले जातात. ब्रूम आणि वुल्फमन यांच्या कथांत क्रोनाच्या कृत्याने दुष्टता बाहेरून आत येते. मूर ती सृष्टीच्या घडणीतच पाहतात. पूर्वसूरींची एकही कथा त्यासाठी त्यांना रद्द करावी लागली नाही, आणि टीकाकाराचे खरे सामर्थ्य ते हेच. नील गेमन यांनीही १९७२ साली भयकथांचा निवेदक म्हणून आलेल्या, हाताला ग्रंथ साखळलेल्या डेस्टिनीला ‘सँडमन’मध्ये (१९८९–९६) सात अनंत भावंडांतील ज्येष्ठ केले. गंमत अशी की त्या निवेदकाच्या जन्मदात्यांत वुल्फमनही होते.

ग्रँट मॉरिसन यांनी मग हात कोणाचा, हा प्रश्नच उघडा केला. ‘ॲनिमल मॅन’च्या पाचव्या अंकाच्या (१९८८) शेवटी मरणाऱ्या प्राण्याच्या रक्तात ब्रशने रंग भरणारा हात दिसतो, २६व्या अंकात (१९९०) नायकापुढे स्वतः लेखकच उभा राहतो आणि त्याच्या दुःखाची जबाबदारी स्वीकारतो. लेखक हाच ईश्वर, ही कल्पना वरवर आत्मगौरवाची वाटते. वस्तुतः हा ईश्वर वेतनावरचा आहे: तो काम सोडून जाईल आणि त्याची सृष्टी दुसऱ्याकडे सोपविली जाईल, हे त्याला ठाऊक आहे. कर्बींच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. म्हणूनच या विश्वातील विसंगती पुसताना एकेका लेखकाची हस्तमुद्राही पुसली जाते. मालकी ज्यांच्याकडे कधीच नव्हती, त्यांच्यापाशी ही मुद्रा एवढीच ठेव होती.

मॉरिसन यांच्या ‘मल्टिव्हर्सिटी’ (२०१४–१५) या मालिकेने ५२ विश्वांचा नकाशा दिला आणि कर्बींच्या देवलोकालाही त्यात स्थान दिले. विश्वे पोखरणाऱ्या तिच्यातील अंतिम शत्रूचे नाव ‘एम्प्टी हँड’, म्हणजे रिता हात, असे आहे. तीन वर्षांनी, २०१७ साली, स्कॉट स्नायडर यांनी ‘मेटल’मध्ये तोच नकाशा उलटा करून त्याच्या पाठीमागे अंधारी विश्वे मांडली. नकाशा मात्र त्यांनी फाडला नाही.